आयकर रिटर्न, आर्थिक वर्ष २०२५-२६ : कोल्हापूर जिल्ह्यातल्या पगारदार, पेन्शनर आणि शेतकरी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळात मिळालेल्या उत्पन्नासाठी आहेत. आपल्या जिल्ह्यात एकाच घरात पगार, ऊस, दूध आणि पतसंस्थेतल्या ठेवी असे सगळे असते. त्यामुळे शहरी नोकरदारासाठी लिहिलेली माहिती इथे अपुरी पडते. आयकर खात्याला तुमचे काय आधीच माहीत आहे आणि काय तुम्हीच सांगायचे आहे, हे नीट समजले की रिटर्न भरणे अवघड राहत नाही.

नवा आयकर कायदा आला ना? मग हे रिटर्न कोणत्या कायद्याने भरायचे?

आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, पण २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागतो. घोळ होतो तो आकड्यांचा. या उत्पन्नाचे 'कर-निर्धारण वर्ष' २०२६-२७ आहे. नव्या कायद्यात मात्र 'करवर्ष २०२६-२७' म्हणजे पुढचे, एप्रिल २०२६ पासून सुरू झालेले वर्ष. आकडे तेच, वर्ष वेगळे. चलन भरताना चुकीचा पर्याय निवडला तर भरलेला कर या रिटर्नमध्ये दिसत नाही आणि मागणीची नोटीस येते.

आमचा कर शून्य येतो. तरी रिटर्न भरायचे का?

नव्या करपद्धतीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर (जुन्या पद्धतीत २.५ लाख, साठीनंतर ३ लाख, ऐंशीनंतर ५ लाख) गेले की भरायचे. सूट मिळून कर शून्य होणे वेगळे आणि रिटर्नमधून सुटका होणे वेगळे. त्याशिवाय वर्षभरात १ लाखाच्या वर वीजबिल, परदेश प्रवासावर २ लाखांच्या वर खर्च, बचत खात्यांत ५० लाख किंवा जास्त भरणा, किंवा २५,००० रुपये (ज्येष्ठांना ५०,०००) किंवा जास्त टीडीएस (पैसे देण्याआधीच कापलेला कर) झाला असेल तर उत्पन्न कितीही कमी असले तरी रिटर्न सक्तीचे आहे. घरगुती मीटरवर यंत्रमाग किंवा छोटे वर्कशॉप चालवणाऱ्यांनी वीजबिलाची बेरीज एकदा करून पाहावी.

शेवटची तारीख कोणती? चुकली तर काय?

पगार, पेन्शन, व्याज, भांडवली नफा असे उत्पन्न असणाऱ्यांसाठी ३१ जुलै २०२६. व्यवसायाचे उत्पन्न असेल तर पोर्टलवर तुमच्या फॉर्मसमोर दिसणारी तारीख पाहा. उशिराचे रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. त्याला ५,००० रुपये शुल्क लागते, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. कर बाकी असेल तर दरमहा १ टक्का व्याज वेगळे. पण सर्वांत मोठे नुकसान दुसरेच आहे. मुदत संपली की जुनी करपद्धत निवडता येत नाही. गृहकर्ज आणि ८०सीच्या (विमा, पीएफ अशा गुंतवणुकीच्या) वजावटींच्या जोरावर वर्षभर कमी कर कापून घेतलेल्या माणसाला हा फटका हजारोंचा बसतो.

सुरुवात कुठून करायची? कोणते कागद लागतात?

फॉर्म उघडण्याआधी कागद जमवा. पगारदाराला मालकाकडून १५ जूनपर्यंत फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) मिळायला हवा. त्याचे भाग अ आणि भाग ब असे दोन्ही भाग घ्या. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही ठिकाणचे घ्या. दोन्ही मालकांनी स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी सरसकट वजावट) आणि स्लॅबचा फायदा स्वतंत्रपणे दिलेला असतो, म्हणून दोन पगार एकत्र केल्यावर बहुतेक वेळा कर बाकी निघतो.

मग आयकर पोर्टलवरून दोन गोष्टी उतरवून घ्या : फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या आणि भरलेल्या कराची नोंद) आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष असे आठ आकडे. त्यात बचत खात्याचे व्याज, ठेवींचे व्याज, लाभांश, शेअर विक्री, जमिनीचे खरेदीखत, मोठी रोख रक्कम हे सारे येते. खात्याने तुमच्याबद्दल काय ऐकले आहे ते यात दिसते. तुमचे रिटर्न याच्याशीच ताडून पाहिले जाते.

तिसरा गठ्ठा एआयएसमध्ये न येणाऱ्या गोष्टींचा : पतसंस्थेचा व्याजाचा दाखला, कारखान्याची ऊस बिले, दूध संस्थेचे वार्षिक उतारे, भाड्याच्या पावत्या. खरे काम इथेच असते.

एआयएसमध्ये मला न मिळालेले व्याज किंवा दोनदा आलेली रक्कम दिसते. काय करावे?

त्या नोंदीसमोर 'अभिप्राय' द्यायची सोय आहे : माहिती बरोबर नाही, दुहेरी आहे, दुसऱ्याच्या पॅनची आहे, असे पर्याय येतात. संयुक्त ठेवीत हे फार घडते. पहिल्या नावावर सगळे व्याज लागते, पैसे मात्र दुसऱ्याचे असतात. अभिप्राय द्या, बँकेचा दाखला जपून ठेवा आणि रिटर्नमध्ये खरी रक्कमच लिहा. एआयएसमध्ये नाही म्हणून उत्पन्न सोडून देणे आणि आहे म्हणून डोळे झाकून घेणे, दोन्ही चूकच.

जुनी पद्धत घ्यावी की नवी?

पगारदाराचा ढोबळ पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल आणि दुसरे काही नसेल, तर विचार करायची गरजच नाही. नव्या पद्धतीत ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन जाऊन उत्पन्न १२ लाखांवर येते आणि कलम ८७ए ची ६०,००० पर्यंतची करातली सूट सगळा कर संपवते.

त्यावरच्या पगाराला आकडेमोड करावी. समजा पगार १५ लाख आहे. नव्या पद्धतीत करपात्र १४ लाख २५ हजार, कर ९३,७५०, उपकरासह ९७,५००. जुन्या पद्धतीत एवढाच कर यायला करपात्र उत्पन्न ९ लाख ६ हजारांच्या आसपास उतरावे लागते. म्हणजे ५०,००० चे स्टँडर्ड डिडक्शन सोडून सुमारे ५ लाख ४४ हजारांच्या वजावटी हव्यात. आता मोजा : ८०सी चे दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, आरोग्य विम्याचे २५,०००, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) जादा ५०,०००, व्यवसाय कराचे २,५००. बेरीज ४ लाख २७ हजार ५००. घरभाड्याची मोठी सूट असल्याशिवाय जुनी पद्धत परवडत नाही.

व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर दरवर्षी रिटर्नमध्येच पद्धत बदलता येते, मालकाला वर्षाच्या सुरुवातीला काय सांगितले होते याने फरक पडत नाही. व्यवसाय असणाऱ्याला जुनी पद्धत हवी तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्याकडे परतल्यावर पुन्हा जुन्याकडे जाता येत नाही.

घरभाडे भत्त्याची सूट कशी काढायची?

फक्त जुन्या पद्धतीत मिळते. कोल्हापूरसाठी मर्यादा ४० टक्के आहे, ५० नव्हे. मूळ पगार अधिक महागाई भत्ता वर्षाला ६ लाख, मिळालेला भत्ता १ लाख ८ हजार आणि दरमहा भाडे १२,००० असेल, तर तीन आकडे येतात : भत्ता १,०८,०००, भाडे १,४४,००० वजा पगाराचे १० टक्के म्हणजे ८४,०००, पगाराचे ४० टक्के म्हणजे २,४०,०००. यातला सर्वांत लहान, ८४,०००, करमुक्त. वर्षाचे भाडे १ लाखाच्या वर गेले की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. वडिलांना भाडे देत असाल तर ते बँकेतून जायला हवे, घर त्यांच्या नावावर हवे आणि त्यांच्या रिटर्नमध्ये ते भाडे दिसायला हवे.

उसाचे उत्पन्न करमुक्त आहे. मग ते दाखवायचे कशाला?

करमुक्त आहे, पण दाखवायचे आहे. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर गेले की आयटीआर-१ हा सोपा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. हा नियम न पाळणारे शिक्षक, बँक कर्मचारी आणि निवृत्त कर्मचारी आपल्याकडे खूप आहेत.

रक्कम काढताना बँक खात्यात जमा झालेला आकडा घेऊ नका. ऊस बिलातून विकास सेवा सोसायटीची पीककर्ज वसुली आधीच कापलेली असते आणि उरलेली रक्कम खात्यावर येते. एकूण आवक म्हणजे बिलावरची वसुलीपूर्व रक्कम. त्यातून बियाणे, खते, औषधे, मजुरी, पाणीपट्टी, नांगरट आणि पीककर्जाचे व्याज वजा करा. कर्जाची मुद्दल हा खर्च नाही. तोडणी-वाहतूक कारखान्याने बिलातच वजा केली असेल तर ती पुन्हा धरू नका. हंगाम मार्चपर्यंत चालतो आणि काही हप्ते एप्रिलनंतर येतात. पैसे आले त्या वर्षी धरायचे की ऊस गेला त्या वर्षी, हे एकदा ठरवा आणि दरवर्षी तसेच चालवा.

निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर फॉर्ममध्ये जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र एकरात, स्वतःची की खंडाने, बागायती की जिरायती हे विचारले जाते. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील तर तुमच्या हिश्श्याचेच उत्पन्न लिहा. चौघांनी मिळून एकाच्या रिटर्नमध्ये सगळे दाखवले की क्षेत्र आणि उत्पन्न यांचा मेळ बसत नाही.

बारा लाखांच्या आत पगार असूनही कर निघाला. हे कसे?

शेतीमुळे. शेती उत्पन्नावर कर लागत नाही, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजले जाते. शेती उत्पन्न ५,००० च्या वर आणि इतर उत्पन्न मूळ मर्यादेच्या वर असले की हा हिशेब लागू होतो.

समजा स्टँडर्ड डिडक्शननंतर पगाराचे ११ लाख आणि उसाचे निव्वळ ५ लाख आहेत. आधी १६ लाखांवरचा कर काढा : १,२०,०००. मग शेतीच्या ५ लाखांत मूळ मर्यादेचे ४ लाख मिळवून ९ लाखांवरचा कर काढा : ३०,०००. फरक ९०,०००. एकूण उत्पन्न ११ लाखच धरले जाते म्हणून ८७ए ची सूट मिळते, पण ती जास्तीत जास्त ६०,०००. उरले ३०,०००, उपकरासह ३१,२००. शेती लपवली तर हा आकडा शून्य दिसतो आणि म्हणूनच अनेकजण ती लपवतात. पुढे बँक खात्यात कारखान्याची लाखोंची जमा दिसते, आणि ती शेतीचीच होती हे पटवून द्यायला जुन्या वर्षांचा एकही कागद हाती नसतो. घर बांधताना किंवा जमीन घेताना पैशाचा स्रोत विचारला जातो, तेव्हा दरवर्षी नीट दाखवलेले शेती उत्पन्नच उपयोगी पडते.

दुधाचे उत्पन्नही शेतीचेच ना?

नाही. आपल्या जिल्ह्यातली ही सर्वांत पसरलेली चूक आहे. गाय-म्हैस पाळून दूध घालणे हा आयकराच्या दृष्टीने व्यवसाय आहे, मग वैरण तुमच्याच रानातली का असेना. दर दहा दिवसांची दूध बिले आणि दिवाळीला मिळणारा दर फरक, दोन्ही व्यवसायाच्या आवकेत जातात.

छोट्या उत्पादकाला कलम ४४एडी सोयीचे आहे. खात्यावर जमा होणाऱ्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोख मिळालेल्या रकमेच्या किमान ८ टक्के नफा दाखवायचा, वह्या ठेवायची सक्ती नाही. वर्षाला ६ लाखांचे दूध खात्यावर जमा झाले तर किमान ३६,००० नफा. प्रत्यक्षात जास्त सुटत असेल तर जास्तच दाखवायचा. पाच वर्षांच्या आत ही पद्धत मध्येच सोडली तर पुढची पाच वर्षे ती पुन्हा मिळत नाही.

फॉर्म निवडताना एक अडचण येते. ४४एडी साठी सहसा आयटीआर-४ सांगतात, पण शेती उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-४ सुद्धा चालत नाही. ऊस आणि दूध दोन्ही असणाऱ्याला आयटीआर-३ भरावा लागतो. तो लांबलचक आहे, पण ४४एडी त्यातही दाखवता येते.

आमचे गुऱ्हाळ आहे. गुळाचे काय?

स्वतःच्या उसाचा गूळ केला तर दोन भाग करा. उसाचा त्या वेळचा बाजारभाव हा शेती उत्पन्नाचा भाग. गुळाच्या विक्रीतून तो भाव आणि गाळपाचा खर्च वजा जाऊन उरेल तो व्यवसायाचा नफा. आपल्याकडे उसाला कारखान्यात थेट गिऱ्हाईक आहे. त्यामुळे गूळ केल्याशिवाय ऊस विकताच येत नाही, हा युक्तिवाद इथे टिकणे अवघड. मार्केट यार्डातल्या अडत्याच्या पट्ट्या आणि गाळपाच्या दिवसांतला उसाचा दर लिहून ठेवा.

ऊस वाहतुकीचे दोन ट्रक आहेत.

कलम ४४एई. दहापर्यंत गाड्या असणाऱ्यांना लागू. १२ टनांपेक्षा जास्त ढोबळ वजनाच्या गाडीला प्रति टन दरमहा १,००० रुपये, त्याहून हलक्या गाडीला दरमहा ७,५०० रुपये उत्पन्न धरतात. गाडी हंगामानंतर उभी असली तरी मालकीचा प्रत्येक महिना मोजला जातो.

पतसंस्थेतल्या ठेवीवर टीडीएस कापला नाही. म्हणजे ते व्याज करमुक्त आहे?

नाही. टीडीएस न कापणे आणि करमुक्त असणे यांचा संबंध नाही. बऱ्याच पतसंस्था सभासदांच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत, त्यामुळे ते व्याज २६एएसमध्ये येत नाही. दाखला मागून घ्या आणि 'इतर उत्पन्न' मध्ये दाखवा.

बँकेच्या दामदुप्पट किंवा पुनर्गुंतवणूक ठेवींबाबत उलटी चूक होते. बँक दरवर्षी साठलेल्या व्याजावर टीडीएस कापते, ठेवीदार मात्र मुदत संपल्यावर सगळे व्याज एकदम दाखवायचे ठरवतो. मग टीडीएस एका वर्षाचा, उत्पन्न दुसऱ्या वर्षाचे, आणि परतावा अडकतो. व्याज दरवर्षी दाखवा. बचत खात्याच्या व्याजाची १०,००० ची (८०टीटीए) आणि ज्येष्ठांची ५०,००० ची (८०टीटीबी) वजावट फक्त जुन्या पद्धतीत आहे.

बायकोच्या नावावर ठेव ठेवली तर व्याज तिचे?

पैसे तुमचे असतील तर व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवायचे. तिची स्वतःची कमाई किंवा माहेरून आलेले पैसे असतील तर तिचे.

शेतजमीन विकली. कर लागतो का?

जमीन कुठे आहे यावर सगळे अवलंबून आहे. ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून तिच्या नफ्यावर कर नाही. पण 'ग्रामीण' हे ग्रामपंचायत असण्यावरून ठरत नाही. नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेतले अंतर मोजतात : लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६, त्यावर ८. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ४९ हजार आणि इचलकरंजीची २ लाख ८७ हजार होती. म्हणजे दोन्हींना ६ किलोमीटर लागू. पाचगाव, उचगाव, कळंबा अशा शहराला चिकटलेल्या गावांतली जमीन ग्रामीण धरून चालू नका. सातबाऱ्यावर ऊस लागलेला असला तरी ती करपात्र ठरू शकते. सीमेजवळच्या गटासाठी अंतराचा सरकारी दाखला खरेदीखताआधीच मिळवा.

करपात्र असेल आणि २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ मालकी असेल तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीला महागाई निर्देशांक धरून २० टक्के असाही हिशेब करून कमी कर भरता येतो. वडिलोपार्जित जमिनीला १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येते, त्यासाठी मूल्यांकनाचा अहवाल करून घ्या. विक्रीपूर्वी दोन वर्षे जमीन कसली असेल आणि दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर कलम ५४बी ने सूट मिळते. रिटर्नच्या तारखेपर्यंत नवी जमीन घेतली नसेल तर रक्कम भांडवली नफा खात्यात भरायची. साध्या बचत खात्यात ठेवलेले पैसे यासाठी धरत नाहीत.

शेअर आणि म्युच्युअल फंड?

सूचीबद्ध शेअर व इक्विटी फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावर १.२५ लाखांनंतर १२.५ टक्के, अल्पकालीन नफ्यावर २० टक्के. नव्या पद्धतीत ८७ए ची सूट या करावर मिळत नाही. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तोटा झाला असला तरी तो व्यवसाय आहे, आयटीआर-३ लागतो.

पगाराची थकबाकी एकदम मिळाली आणि कर वाढला.

कलम ८९ ची सवलत आहे. रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई भरा. आधी रिटर्न आणि मग फॉर्म असे केले तर सवलत नाकारली जाते.

एक एजंट म्हणतो, कापलेला सगळा टीडीएस परत मिळवून देतो. द्यावे का काम?

देऊ नका, कळकळीने सांगतो. हा परतावा न दिलेल्या राजकीय देणग्या, नसलेले घरभाडे किंवा न काढलेला विमा दाखवून मिळवला जातो आणि एजंट त्यातला हिस्सा घेतो. आता फॉर्ममध्येच पॉलिसी क्रमांक, कर्ज खाते क्रमांक असे तपशील मागतात. खोटा दावा उघड झाला की कर, व्याज आणि चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड येतो, आणि तो तुमच्या पॅनवर येतो, एजंटच्या नव्हे. मागच्या वर्षांत असे झाले असेल तर नोटीस येण्याआधी अद्ययावत रिटर्न भरा. कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिने मुदत असते. पहिल्या वर्षी कर व व्याजाच्या २५ टक्के जादा भरावे लागतात, पुढे ५०, ६० आणि ७०.

रिटर्न भरले. झाले का काम?

पडताळणी राहिली. ३० दिवसांच्या आत आधार ओटीपी, नेट बँकिंग किंवा बँक खात्यातून ई-पडताळणी करा. नाहीतर पोचपावतीवर सही करून ती स्पीड पोस्टाने आयकर खात्याच्या बंगळुरूच्या केंद्राकडे पाठवा. ताराबाई पार्कातल्या आयकर कार्यालयात ती देऊन उपयोग नाही. ३० दिवस उलटले तर पडताळणीची तारीखच भरल्याची तारीख धरतात आणि तोवर मुदत संपली असेल तर उशिराचे शुल्क लागते. आधारला जुना मोबाइल नंबर असेल तर तो जुलैच्या आधीच बदलून घ्या.

परतावा आला नाही. का?

बहुतेक वेळा कारण बँक खात्याचे असते. खाते पोर्टलवर पूर्वप्रमाणित हवे, खात्यावरचे नाव पॅनशी जुळायला हवे, आणि बँक विलीन झाली असेल तर नवा आयएफएससी हवा. तुमच्या सहकारी बँकेचे खाते प्रमाणित होत नसेल तर राष्ट्रीयीकृत बँकेतले द्या. पॅन-आधार जोडलेले नसेल तर परतावा थांबतो.

खाते ठीक असेल तर कलम १४३(१) ची सूचना उघडा. त्यात तुम्ही लिहिलेला आणि खात्याने धरलेला आकडा शेजारी शेजारी असतो. फरकाची ओळ शोधा. चूक तुमची असेल तर सुधारित रिटर्न भरा, डिसेंबरअखेरपर्यंत ते विनाशुल्क भरता येते. चूक त्यांची असेल तर दुरुस्तीची विनंती पोर्टलवरूनच करा. 'सदोष रिटर्न' अशी नोटीस आली तर उत्तराला १५ दिवस असतात, तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर रिटर्न भरलेच नाही असे धरले जाते. परताव्यासोबत आलेले व्याज पुढच्या वर्षीच्या 'इतर उत्पन्न' मध्ये दाखवायचे असते, तेव्हा ती सूचना पुढच्या रिटर्नच्या फाइलमध्येच लावून ठेवा.